मानवी लक्ष्य

“मगदूम मॅडम, उद्या दुपारचं तुमचं ते बसणं चुकणार नाही ना?”

डॉ. केळवकर दारातूनच विचारत होते. मी मखमलीच्या तुकड्यानं काच घासत होते. ही काच एकाच दिशेनं घासायची असते. मध्येच हात थांबला, की तिच्यावर पसरायचं लिक्विड क्रिस्टल रुसतं आणि वाटेल तसं लोळतं. म्हणून हातातली फेरी पुरी करून मी मान वर केली.

“नाही चुकणार, सर. पण उद्या अग्निशमन दलाचे लोक यायचेत, म्हणून म्हटलं वेळ जरा पुढे घ्यावी...”

“छे छे! पुढे-बिढे काही नाही. तुमच्या व्रताच्या आड संस्था येणार नाही. मी त्यांना तुमचीच वेळ दिलीय.”

मला गहिवरून यायचंच बाकी राहिलं. आम्ही सांगलीकडचे जैन. सकाळी देवदर्शनाशिवाय अन्न नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि दुपारी दोन घटका, पाऊण तासभर, सामायिक, म्हणजे एका आसनावर न हलता, न बोलता नामस्मरण. संस्थेत मला जेवणाच्या सुटीत ते उरकावं लागे. तीन वर्षं या गृहस्थांनी त्याला ‘मॅडमचा स्टँडबाय मोड’ म्हटलं होतं. त्यांना रातोरात धर्माची एवढी चाड वाटू लागली, हा पुण्योदयच म्हणायचा. कुणाचा, ते दुसऱ्या दिवशी ठरायचं होतं.

ठरायचं होतं ते एवढंच: आमचा कॅमेरा पास झाला, तर तो सोमवारपासून आगीच्या बंबावर चढणार आणि आमच्या प्रकल्पाला जीवदान मिळणार. नापास झाला, तर प्रकल्प बंद आणि रुबीना घरी. रुबीना मुल्लाणी आमचं सॉफ्टवेअर लिहायची, कंत्राटावर. मी निदान कायम होते. मला दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत दुसरी कुठली तरी काच घासायला लावली असती.

आता कॅमेऱ्याविषयी. तो उजेड बघत नसे, ऊब बघत असे. अंगातून बाहेर पडणारी ऊब एका काळ्या भिंगातून लिक्विड क्रिस्टलच्या पातळ पापुद्र्यावर पडायची. लिक्विड क्रिस्टल म्हणजे थंडीतलं तूप समजा: धड पातळ नाही, धड थिजलेलं नाही. जराशी ऊब लागली, की त्यातून जाणारा प्रकाश बदलतो. तो बदल पलीकडून साध्या कॅमेऱ्यानं टिपला, की पडद्यावर माणूस उमटतो. मग मध्ये अंधार असो नाहीतर धूर. महागड्या कॅमेऱ्यांचं काळीज आत गार ठेवावं लागतं, आमच्याचं नाही, हे केळवकर प्रत्येक भाषणात सांगत आणि ते खरंच होतं. आमच्या कॅमेऱ्याला गार ठेवावं लागत नसे. फक्त खोलीला दोन एसी लागत, पापुद्र्याला एक बारीक हीटर लागे, आणि त्यांची आपसातली भांडणं सोडवायला मी लागे.

पहिलं वर्ष आम्ही इस्त्रीचे फोटो काढले. इस्त्री फार छान यायची. मग पैसे देणारे म्हणाले, इस्त्री पुष्कळ झाली, आता माणूस दाखवा. केळवकर स्वतः बसले. पण त्यांना बोलल्याशिवाय बसता येत नाही आणि हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही. पडद्यावर सांडलेलं पिठलं दिसलं. रुबीना बसली, तर तिला एसीनं शिंका यायच्या. शेवटी केळवकर मला म्हणाले, “तुम्ही नाहीतरी बसताच. इथेच बसा की.”

कॅमेऱ्यासमोरची कोठीची खोली रिकामी होती. मी तिथं माझं आसन नेलं. मध्ये भिंत, भिंतीत भिंगापुरती खिडकी, पलीकडे दगडी टेबलावर बोल्टांनी आवळलेला कॅमेरा. मी डोळे मिटले, माळ हातात घेतली. पलीकडे हळूहळू डोकं उमटलं, खांदे उमटले, मांडीवरचे दोन हात उमटले. नाकातली चमकी गार असते, तिचासुद्धा ठिपका आला. रुबीना सांगत होती, केळवकरांनी पडद्याला हात जोडले. पडद्याला. मला नाही.

तेव्हापासून प्रत्येक अहवालात मी होते. चित्राखाली ओळ: ‘मानवी लक्ष्य’. आमचे हे म्हणाले, “लग्नाच्या अल्बममध्ये तुझा एकही फोटो इतका शांत आलेला नाही.”

चित्र आणखी चांगलं करायचं, तर त्यातली खसखस, म्हणजे पडद्यावर उगाच लुकलुकणारे बारीक ठिपके, घालवायला हवी. त्यावर रुबीनाचा उपाय साधा होता: एकामागून एक शंभर चित्रं घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. खसखस पुसली जाते, माणूस राहतो. केळवकर म्हणाले, वाढव. तिनं वाढवली. अजून वाढव. अजून वाढवली. करता करता तीन-तीन मिनिटांची सरासरी निघू लागली. पापुद्राही आम्ही जाड केला, कारण जाड पापुद्र्यात मी अधिक ठसठशीत दिसत होते. पदराच्या निऱ्यासुद्धा मोजता येत होत्या. सगळे खूश. मी तर रोज बसणारच होते, आणि बसले की हलणार नव्हते.

त्या दिवशी केळवकर दारातून गेले आणि थोड्याच वेळात रुबीनानं मला हाक मारली.

“त्रिशलाताई, जरा बघा. हे ग्लास कुठून आले?”

ती कालचं रेकॉर्डिंग बघत होती. पडद्यावर मी बसले होते, नेहमीसारखी. माझ्या मागच्या स्टुलावर हळूहळू, चांदण्या उगवाव्यात तसे, चहाचे दोन ग्लास उमटत होते.

“बंडूमामांनी आणून ठेवले असतील,” मी म्हणाले.

“ठेवले ना. मी स्वतः बघितलंय त्यांना आत जाताना. पण मामा कुठायत?”

आम्ही रेकॉर्डिंग मागे नेलं, पुढे आणलं, परत मागे नेलं. संस्थेत चहा देणारे बंडूमामा चांगले थोराड गृहस्थ. कोठीत आले, माझ्यापुढून गेले, ग्लास ठेवले, परत गेले. पडद्यावर त्यांचा मागमूस नव्हता. त्यांचा चहा होता, ते नव्हते.

“बहुतेक मामांच्या अंगात ऊब नसावी,” मी म्हणाले.

रुबीना हसली नाही. तिनं सरासरी काढून टाकली. पडदाभर खसखस पसरली. त्यात मामाही दिसेनात आणि मीही दिसेना. तिनं परत सरासरी लावली. मी प्रसन्न चेहऱ्यानं परत आले.

“ताई,” ती हळू आवाजात म्हणाली, “आपण कॅमेरा केलेलाच नाही. आपण तुमचा फोटो काढायचं यंत्र केलंय.”

आम्ही दोघी केळवकरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते शांतपणे ऐकतात तेव्हा त्यांना ते आधीच माहीत असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“आगीत बेशुद्ध पडलेला माणूस चालतो का?” त्यांनी विचारलं.

“नाही, सर,” रुबीना म्हणाली, “पण कॅमेरा घेऊन जाणारा चालतो. तो चालला की सगळंच हललं. मग पडलेला माणूससुद्धा दिसायचा नाही.”

“तो पुढच्या टप्प्याचा विषय आहे.”

“पण सर, सोमवारी हे बंबावर जाणार.”

“चाचणीसाठी जाणार. चाचणीत चुका कळतात. त्याला संशोधन म्हणतात, मुल्लाणी.” मग त्यांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. “मॅडम, तुम्हाला खोटं बोलायला मी कधी सांगणार नाही. तुमचं ते व्रत असतं, ठाऊक आहे मला. म्हणून तर तुमच्या मौनाची वेळ निवडली. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही, तुम्ही काही बोलणार नाही. सत्यालाही धक्का नाही आणि संस्थेलाही नाही.”

माझ्या धर्माचा इतका बारकाईनं अभ्यास आमच्या समाजातल्या पंडितांनीही केला नसेल.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. माझा निर्जळी उपवास. अकराच्या पुढे अग्निशमन दलाची जीप आली. स्टेशन ऑफिसर कळंत्रे उतरले. माणूस रुंद, भुवया अर्ध्या जळालेल्या, त्या परत उगवायचा कंटाळा केलेल्या. सोबत मोरबाळे नावाचा जवान, पाठीवर हवेची टाकी, हातात मुखवटा.

“नमस्कार,” कळंत्रे म्हणाले. “डबा कुठाय?”

केळवकरांचा चेहरा जरा आंबला. “आम्ही त्याला थर्मल इमेजर म्हणतो.”

“म्हणा की. आमची काय हरकत?” कळंत्र्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, बोल्टांवर बोट टेकवलं. “हातात धरून चालता येतं काय ह्याला घेऊन?”

“सोमवारी टेबलावरून काढून मूठ बसवू. आज आपण तत्त्व बघतोय.”

“तत्त्व. बरं. तत्त्वानं माणूस गावतोय न्हवं?”

“अंधारात, धुरात, कुठेही.”

“मग धूर करायला पायजे. मोरबाळे, मशीन काढ.”

मोरबाळेनं जीपमधून धूर सोडायचं यंत्र आणलं. लग्नात नवरा-नवरी स्टेजवर येताना सोडतात, तसलं. केळवकर म्हणाले, धुराची काही गरज नाही, खोली पुरेशी अंधारी आहे.

“सायेब, अंधारात आमाला बी दिसतंय. बॅटरी हाय आमच्याकडं. परीक्षा धुराची.” कळंत्रे खुर्ची ओढून बसले. “सांगतो तुमाला. एमआयडीसीत केमिकलची गोडाऊनं हायत. तिथं धूर झाला की सोताचा हात दिसत न्हाई. आज आमी काय करतो? कमरेला दोरी बांधतो, भिंत धरून चाचपत जातो. चुकलो तर दोरीनं माघारी येतो. उद्या हा डबा आला, की माझा माणूस दोरी सोडणार आणि डब्याचं ऐकणार. डबा म्हणाला आत कोण तरी हाय, तर हा आत शिरणार. डबा म्हणाला न्हाई, तर पुढं जाणार. एवढंच. म्हणून बघायला आलोय.”

“तुम्हाला खात्री पटेल,” केळवकर म्हणाले.

“पटू दे की. पटायलाच आलोय. पडद्यावर दिसल्या बाई, की मोरबाळे आत जाऊन त्यांना बाहेर काढणार.”

“आत जायची काय आवश्यकता? पडद्यावर दिसतीलच.”

“दिसण्यासाठी न्हाई ओ आलो. काढण्यासाठी आलोय.”

मोरबाळे माझ्याकडे वळला. पंचविशीचा असेल. मुखवटा काखोटीला मारून म्हणाला, “ताई, आत तुमी असणार न्हवं? घाबरायचं काय कारण न्हाई. मी काढतो भाईर. हे धुराचं मशीन माझ्या लग्नातबी सांगितलंय, पुढल्या म्हयन्यात. तेवडीच प्रॅक्टिस.”

“डबा ह्याच्याच हातात देणार हाय,” कळंत्रे म्हणाले. “सोमवारपासनं. सगळ्यात आत शिरणारं हेच.”

मी मान हलवली आणि कोठीत गेले. रुबीना माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आसन घातलं, पूर्वेला तोंड केलं, संकल्प केला. या दोन घटकांत माझ्यामुळे कुठल्याही जिवाला इजा होणार नाही, असा तो संकल्प असतो. रोज म्हणते. इतकी वर्षं म्हणते, की तोंडालाच पाठ झालाय, डोक्याला विचारावं लागत नाही. मुंगी नाही, डास नाही, पाण्यातला जीव नाही. बंबावरचा माणूस त्यात येतो की नाही, हे कधी तपासून बघायची वेळ आली नव्हती.

धूर आला. गोडसर वास, लग्नाच्या हॉलचा. डोळे मिटूनही पांढरं पांढरं जाणवत होतं. मी माळ सुरू केली. भिंतीतल्या खिडकीतून पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

“थोडा वेळ द्या,” केळवकर सांगत होते, “यंत्र आधी परिस्थितीचा अंदाज घेतं.”

यंत्र अंदाज घेत नव्हतं, सरासरी घेत होतं.

“हां, आलं आलं. डोकं आलं की!” कळंत्र्यांचा आवाज. “खांदे बी आले. आयला, नाकातली चमकी बी दिसायला लागली!”

“बघा. म्हणजे गोडाऊनमध्ये अडकलेला माणूस...”

“हातात माळ हाय त्यांच्या. मणी दिसत न्हाईत, पण बोटं दिसत्यात. केळवकर सायेब, हे मानलं बरं का.”

“आता सही करायला हरकत नाही. आत जायचं वगैरे आपण नंतर, धूर निवळल्यावर...”

“नंतर कशाला? चित्र ठाम होऊ दे अजून जरा. मोरबाळे, मुखवटा चढव. सोमवारी गाडीवर घेऊ हा डबा. काय रे, दोरी सुटली तुजी!”

“सुटली म्हणायची, सायेब,” मोरबाळे हसला. त्याचा आवाज मुखवट्यात घुमला.

माझी माळ थांबली. मी जितकी स्थिर बसत होते, तितकी पलीकडे त्या माणसाची दोरी सुटत होती. केळवकरांचं खरं होतं: मी खोटं बोलत नव्हते. नुसती बसले होते. कॅमेऱ्याला तेवढंच लागत होतं.

सामायिक अर्ध्यात मोडणं हा दोष आहे. लहानपणापासून एकदाही मोडलं नव्हतं. एकदा मिरजेच्या मंदिरात माझ्या मांडीवरून उंदीर गेला होता, तेव्हाही नाही. मी माळ आसनावर ठेवली आणि उठले.

कोठीला मागून एक दार होतं, बोळात उघडणारं. बोळातून वळलं, की पडद्याच्या खोलीचं मागचं दार. मी अनवाणी होते, आवाज झाला नाही. तशीही माझ्या चालण्याचा आवाज होत नाही, आणि बोलण्याचाही फारसा नाही, असं सगळे म्हणतात. मी आत जाऊन केळवकर आणि कळंत्रे यांच्या मागे उभी राहिले.

पडद्यावर मी बसले होते. मांडी घातलेली, मान सरळ, हात मांडीवर, मागच्या तीन मिनिटांच्या सरासरीतली. मी इतकी शांत दिसते, हे मला नव्हतं माहीत.

रुबीनाची नजर माझ्यावर पडली. तिनं एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. एक कळ दाबून तिला पडदा बंद करता आला असता, पण तिला काही करायचं नव्हतं. तिच्या पोटावर पाय येणार होता, हे तिला माहीत होतं आणि तरी तिनं हात मांडीवर ठेवले.

“जा मोरबाळे,” कळंत्रे म्हणाले. “समोर, भिंतीपासनं चार पावलं. बसल्यात बघ.”

मोरबाळे कोठीच्या पुढच्या दारानं धुरात शिरला. दार लागलं.

केळवकर हात पाठीमागे बांधून पडद्यासमोर उभे होते. “किती स्थिर आहेत बघा. हे यंत्र नसतं, तर या धुरात या बाईचा पत्ता लागला असता का?”

“न्हाई लागला,” कळंत्रे म्हणाले.

आतून टाकीचा आवाज, हातानं फरशी चाचपल्याचा आवाज. मग मोरबाळेची हाक आली: “सायेब! हितं कोण न्हाई!”

“आहे, आहे!” केळवकर खिडकीकडे तोंड करून म्हणाले. “समोरच आहेत. जरा उजवीकडे.”

“उजवीकडं बी न्हाई.”

“अहो नीट बघा! माझ्यासमोर पडद्यावर दिसताहेत.”

“आसन हाय,” मोरबाळे ओरडला. “माळ हाय. बाई न्हाईत!”

“बाई आहेत!” केळवकर चिडले. “हात पुढे करा. हात केलात की लागतील. अजून आत जा.”

“अजून आत भिंत हाय, सायेब.”

“मग भिंतीच्या अलीकडे बघा! मोरबाळे, तुम्हाला शोधता येत नाही म्हणून यंत्र चुकीचं ठरत नाही.”

कळंत्रे खुर्चीतून उठले होते. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके.

“केळवकर सायेब.”

“हं?”

“बाई दिसत्यात. ते ऱ्हाऊ दे. माझा मोरबाळे कुठाय ह्यात?”

केळवकर पडद्याशी वाकले.

“सहा फुटाचं पोरगं आत फिरतंय,” कळंत्रे सावकाश म्हणाले. “पाठीवर टाकी, अंगात घाम. बोलतंय माझ्याशी. ते दिसत न्हाई?”

“तो... हलतोय ना, त्यामुळे यंत्राला...”

“आणि बाई हलंना झाल्यात म्हणून दिसत्यात.”

“अगदी बरोबर.”

“मग त्याच्या हाताला का लागंनात?”

याचं उत्तर केळवकरांकडे असतं तर मला फार आवडलं असतं. ते शोधायला त्यांनी मान वळवली आणि मी दिसले. त्यांची नजर पडद्याकडे गेली. परत माझ्याकडे आली. आमच्या दोघींतली खरी कोणती, हे ठरवायला त्यांना वेळ लागला. शास्त्रज्ञानं घाई करू नये.

कळंत्रेही वळले.  मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“ताई, तुमी कवापासनं हितं हाय?”

“मॅडमचं मौन असतं या वेळी,” केळवकर घाईनं म्हणाले. “त्या काही बोलत नाहीत. काही तरी गैरसमज झालाय. मॅडम, तुम्हाला बरं नाही का? उपवासानं चक्कर आली असणार...”

“थांबा हो.” कळंत्र्यांनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. “ताई, हे रोजच असं हाय?”

मी मान हलवली. हो.

“मॅडम!” केळवकर म्हणाले. “तुमचं मौन आहे!”

“मोडलं न्हाई त्यांनी. मला तेवढ्यात कळलं.” कळंत्रे खिडकीपाशी गेले. “मोरबाळे! ये भाईर!”

“पण सायेब, बाई...”

“बाई बाहेर हायत. तूच आत हाईस. ये.”

मोरबाळे धुरातून बाहेर आला. मुखवटा काढला, घाम पुसला, आणि मला बघून दचकला. मग पडद्याकडे बोट केलं. “मग ह्या कोण?”

 पडद्यावरची मी आता थोडी फिकी पडत चालले होते, पण उठायचं नाव घेत नव्हते.

“हे जर,” कळंत्रे म्हणाले, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, “सोमवारी गोडाऊनात असतं, तर तू हिला काढायला तिथंच घुटमळला असतास. छप्पर खाली येईस्तोवर. दोरी न्हाई, काय न्हाई. आणि बाहेरनं आमी वरडत बसलो असतो, हाय हाय, अजून आत जा.”

मोरबाळेनं कमरेला हात लावला. तिथं दोरीची कडी होती, मोकळी.  तो त्या कडीशी चाळा करत राहिला.

ते गेले. जाताना कळंत्र्यांनी टेबलावरच्या कागदावर सही केली नाही आणि केळवकरांचा चहाही घेतला नाही. मला मात्र वाकून नमस्कार केला. केळवकर माझ्याशी काही बोलणार होते, पण मी समोर असूनही बोलणार नाही, हे लक्षात आल्यावर त्यांचा आवेश गेला. दोन घटका व्हायला अजून वेळ होता. मी परत कोठीत गेले, माळ उचलली आणि उरलेलं पुरं केलं. भिंतीपलीकडे कॅमेरा चालूच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साध्वी माताजींकडे जाऊन मोडलेल्या सामायिकाचं प्रायश्चित्त घेतलं. रुबीनाचं कंत्राट संपलं ते संपलंच. दोन महिने ती घरी होती, माझ्याशी चार दिवस अबोलाही धरला होता. मग तिला एका इस्पितळात काम मिळालं, मधुमेह्यांच्या पायांची ऊब बघायचं. पाय खुर्चीवर ठेवलेले असतात, पळून जात नाहीत. तिथं तिची सरासरी चांगली चालते. मोरबाळेच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. धूर सोडला होता. धुरातून नवरा-नवरी बाहेर आली तेव्हा रुबीना माझ्या कानात म्हणाली, “दोघंही दिसताहेत, ताई.” मोरबाळेनं बायकोला माझी ओळख करून दिली, “ह्याच त्या. ह्यांना वाचवायला गेलो आणि गावल्याच न्हाईत.” केळवकरांना पत्रिका नव्हती.

केळवकरांचं वाईट झालं, असं समजू नका. प्रकल्प बंद झाला, पण रेकॉर्डिंग होतं. दोन-तीन वर्षांनी एका मोठ्या परिषदेत त्यांचं व्याख्यान होतं, विषय ‘न थंड करता उष्णतेचं चित्रण’. सभागृहात तीन एसी होते. मला संस्थेनं पाठवलं होतं, काचा घासण्यावर एक पोस्टर घेऊन. मी मागच्या रांगेत बसले होते.

त्यांनी पडद्यावर मला दाखवलं. त्याच दिवशीची मी, भरभर पळवलेली. दाट धूर, पूर्ण अंधार, मांडी घातलेली बाई. सभागृहात कौतुकाचा आवाज उठला. मग ती बाई मध्येच जरा फिकी होते आणि थोड्या वेळानं परत ठळक होते. पुढच्या रांगेतल्या एका तरुणानं हात वर केला. “सर, इथे तीव्रता का कमी होते?”

“चांगला प्रश्न आहे,” केळवकर म्हणाले. “या आमच्या सहकारी आहेत. अत्यंत धार्मिक. त्या दिवशी त्यांचा निर्जळी उपवास होता. शरीराचं तापमान किंचित खाली जातं. आमचं यंत्र इतकं संवेदनशील आहे, की त्यांचा उपवाससुद्धा त्यानं टिपला.”

टाळ्या पडल्या.

ती वेळ काही माझ्या मौनाची नव्हती. मी उभी राहिले. आवाज माझा लहानच, पण माईक फिरवणारी मुलगी जवळ होती, तिनं माईक दिला.

“सर, तो उपवास नाही,” मी म्हणाले. “त्या वेळी मी उठून बाहेर आले होते. तुमच्या मागे उभी होते. आसनावर कुणीच नव्हतं.”

 केळवकर माझ्याकडे बघून अतिशय प्रेमानं हसले.

“याच त्या,” ते सगळ्यांना म्हणाले. “फार विनयशील आहेत. कुठलंही श्रेय स्वतःकडे घेत नाहीत.” मग त्यांनी पडद्याकडे हात केला. “आता तुम्हीच बघा. बसल्यात की नाही?”

सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. पडद्यावर मी बसले होते. मांडी घालून, मान सरळ, ढिम्म.

तो तरुण मान डोलावून म्हणाला, “थँक यू, सर.” माईकवालीनं हळूच माझ्या हातातून माईक काढून घेतला.

मग मीही बसले.